डावीकडे घेतलं की

सतरंजीवर सहा वस्तू होत्या. लाकडी चमचा, स्वयंपाकघरातून आलेला, निळं झाकण, ज्याची बाटली कधीच हरवली होती, कापडी ससा, एक कान चोखून चोखून पातळ झालेला, खुळखुळा, दुपटं, आणि भाऊजींच्या किल्ल्यांचा जुडगा, जो तिथे असायला नको होता. सातवी भोपळी स्वतः, साडेचार महिन्यांची, उताणी, दोन्ही पाय हवेत. धाकटीने हे मुद्दाम मोजलं नव्हतं. टेबलावर काय काय आहे ते आधी मोजायचं आणि मगच हात लावायचा, ही प्रयोगशाळेतली सवय तिला अशी जडली होती, की कोणाकडे जेवायला गेली तरी ती बसायच्या आधी वाट्या मोजायची. ताई आंघोळीला गेली होती. जाताना "पाच मिनिटं बघ गं हिच्याकडे" म्हणाली होती, आणि धाकटी बघत होती. एका हाताने चमचा हलवत होती, दुसऱ्या हातात गार होत चाललेला चहा होता. भोपळीची नजर चमच्यावर होती. खिडकीपाशी कपडे वाळत घालायचा स्टँड होता, त्यावरून एक ओलसर लाळेरं घसरलं आणि भोपळीच्या तोंडावर पडलं. नेमकं सांगायचं तर उजव्या डोळ्यावर आणि अर्ध्या कपाळावर. ती अशी किंचाळली की धाकटीच्या हातातला चहा सांडला. लाळेरं उचललं, किंचाळी थांबली. इथपर्यंत काहीच नव्हतं. ओलं फडकं तोंडावर पडलं तर कोणीही रडेल. पण मग धाकटीचा हात पुढे झाला, आणि तो हात मावशीचा नव्हता. त्याने तेच लाळेरं, तेवढंच ओलं, अलगद डाव्या डोळ्यावर ठेवलं. भोपळी चमच्याकडे बघत राहिली. चमचा हलला तशी नजर हलली, ओठांवर लाळेचा फुगा आला, तो फुटला, ती हसली. हात लाळेरं घेऊन पुन्हा उजवीकडे गेला. किंचाळी. पुन्हा डावीकडे. चमचा, फुगा, हसू.

"काय केलंस तिला?" ताई ओल्या केसांनी दारात उभी होती.

"लाळेरं पडलं तोंडावर."

"एवढं रडायला?"

"ओलं होतं," धाकटी म्हणाली. ते खरंच होतं, आणि तरीही आपण खोटं बोललो असं वाटून तिने किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि खुंटीला लावला.

कामावर जाताना ती पुलावरून चालत गेली. पुलाच्या मध्यावर तिने डावा डोळा मिटून बघितला. रस्ता होता तसाच राहिला, फक्त कठड्याचा एक तुकडा कमी झाला, आणि समोरून येणारा सायकलवाला किती जवळ आलाय ते एकदम कळेनासं झालं. तिने घाईने डोळा उघडला. सायकलवाला "बाई, जाग्या व्हा" म्हणून निघून गेला. मनात पाल चुकचुकली होती, पण ती आज सकाळी नाही, हे तिला आता आठवायला लागलं. तिसऱ्या महिन्यात एकदा ताई वैतागून म्हणाली होती, "हिला उजवीकडे घेतलं की मुकाट पिते, डावीकडे घेतलं की रडते. महाराणी!" तेव्हा सगळे हसले होते. ताईच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, तुझा नवराही लहानपणी असाच, एका बाजूचा. धाकटीही हसली होती. आता पुलावर उभं राहून तिने हवेत हाताची घडी केली, त्यात एक न दिसणारं बाळ ठेवलं आणि बघितलं. डावीकडे घेतलं, तर बाळ उजव्या कुशीवर येतं. त्याचा उजवा डोळा आईच्या दंडाशी दबतो. मोकळा राहतो तो डावा. म्हणजे डावीकडे प्यायला घेतलेल्या बाळाला जग दिसतं ते डाव्या डोळ्याने, आणि त्याच वेळी ते रडतं. पुलावरून जाणाऱ्या दोन बायकांनी तिच्या रिकाम्या कडेकडे बघितलं. तिने हात खाली घेतले.

तिचं काम या सगळ्याच्या इतकं जवळ होतं, की तिला त्याच गोष्टीचा संशय आला. प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांचा एक डोळा टाके घालून बंद करत. डोळे नुकते उघडलेले असतात, बघणं नुकतं सुरू झालेलं असतं, आणि त्याच दिवसांत एका बाजूचा उजेड अडवायचा. मग काही दिवसांनी त्या पिल्लाच्या मेंदूचे कागदापेक्षा थोडे जाड काप काढून तिच्याकडे येत. सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी निवडायची, केसाहून बारीक काचेची नळी तिला चिकटवायची, आणि शेजारच्या पेशीने ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडलं की हिच्यातून किती विजेचा प्रवाह जातो, किती वेळ जातो, ते मोजायचं. पेशीवर ग्लुटामेट ओळखणारी दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. नवजात पिल्लात हे दार एकदा उघडलं की बराच वेळ उघडं राहतं. बघण्याचा अनुभव यायला लागला की त्या दाराचा एक भाग बदलला जातो, आणि मग ते पटकन उघडतं आणि पटकन मिटतं, मोठ्यांसारखं. डोळा बंद ठेवला तर त्या डोळ्याच्या वाट्याच्या पेशींत हा बदल रेंगाळतो. नंतर टाके काढले, डोळा काचेसारखा स्वच्छ असला, तरी फार उशीर झाला असेल तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकतच नाही. त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली असते. हे तिला पाठ होतं. पाहुण्यांनी विचारलं तर ती दोन मिनिटांत समजावून सांगायची, आणि पाहुणे "वा" म्हणायचे. पण प्रयोगशाळेत टाके नेहमी डाव्याच डोळ्याला घालत. पहिल्या वर्षी कोणीतरी तसं ठरवलं होतं, मग सगळे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून तेच चालू राहिलं. तीन वर्षं तिच्या डोक्यात आंधळा डोळा म्हणजे डावा डोळा. त्यामुळे घरी एका बाळाचा डावा डोळा तिला संशयास्पद वाटावा, यात त्या बाळाचा हात किती आणि तीन वर्षांचा किती?

शिवाय तिच्या नजरेवर आधीच डाग होता. कुठल्या पिल्लाला टाके घातले होते आणि कुठल्याला नाही, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही असा नियम होता. पिल्लांना फक्त आकडे दिलेले असत, आणि आकड्यांचा अर्थ एकट्या कोडवालीला माहीत असे. कोडवाली म्हणजे शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिला खरं नाव होतं पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. मागच्या हिवाळ्यात धाकटीचे आकडे इतके स्वच्छ आले, टाकेवाली पिल्लं एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे अशी वेगळी पडली, की सर खुर्ची मागे ढकलून म्हणाले होते, "तुला काय हवंय ते तुझ्या कापांना आधीच माहीत असतं वाटतं." कोणीही तिला चोर म्हटलं नाही. नुसतं सगळं पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदा फरक निघाला, पण तिच्या फरकाच्या निम्मा. तो निम्मा आकडा बरोबर मानला गेला. उरलेला निम्मा कुठून आला होता, हे तिला आजवर कळलं नव्हतं. तिने काही बघितलं नव्हतं, कोणाला विचारलं नव्हतं. एखादी पेशी "बरी दिसत नाही" म्हणून सोडून देताना, दुसरीवर जरा जास्त वेळ थांबताना, हात आपोआप काहीतरी करत असावा. त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या हातावर विश्वास नव्हता. आणि आज सकाळी त्याच हाताने लाळेरं धरलं होतं. डावीकडे अलगद ठेवलं, उजवीकडे जरा दाबून, असं तर नव्हतं?

"काय गं, पेशी मेली का?" कोडवालीने विचारलं.

"नाही. का?"

"मग चेहरा का असा? मला वाटलं निदान तीन मेल्या."

"एखाद्या बाळाला एका डोळ्याने दिसत नसेल," धाकटी नळीवरची नजर न काढता म्हणाली, "तर घरच्यांना कळतं का?"

"दुसरा चांगला असेल तर नाही कळत. बाळालाही नाही कळत. त्याला काय, त्याने दोन डोळ्यांचं जग बघितलेलंच नसतं." मग ती खुर्चीसकट वळली. "कोणाचं बाळ?"

"असंच."

पडद्यावर प्रवाहाची रेघ खाली गेली आणि हळूहळू, फार हळूहळू वर यायला लागली. लहान वयाचं दार. या दाराची आणखी एक गंमत धाकटी पाहुण्यांना सांगायची. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच अडकलेलं असतं. नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही, पेशी आधीच दुसऱ्या कशाने तरी जागी झालेली असावी लागते, तेव्हाच बूच निघतं. दोन गोष्टी एका वेळी यायला लागतात. तिसऱ्या महिन्यात ताई जे बोलली ते येऊन आदळलं होतं आणि बुचावरून परत गेलं होतं. आज सकाळी लाळेरं पडलं, आणि बूच निघालं. या सगळ्या विचारात ती रेघ कुठे मिटली ते बघायचं राहून गेलं, आणि त्या पेशीचा आकडा तिने टाकून दिला.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने विषय काढला. कसा काढायचा याची रंगीत तालीम दिवसभर केली होती, पण तोंडातून निघालं ते सरळच. "ताई, हिचा डावा डोळा एकदा दाखवून घेऊ या का?"

ताई भोपळीला खांद्यावर टाकून ढेकर काढत होती. थोपटणारा हात थांबला. "का?"

धाकटीने सांगितलं. लाळेरं सांगितलं, कुशी सांगितली. तीनदा लाळेरं ठेवून बघितलं हे मात्र तिने एकदा असं सांगितलं.

"म्हणजे सकाळी तू तिला मुद्दाम रडवलंस."

"मुद्दाम नाही. बघितलं."

"मी पाच मिनिटं आत गेले आणि तू माझ्या मुलीवर प्रयोग केलास." ताईचा आवाज चढला नाही, आणि धाकटीला तेच जास्त लागलं. "ऐक. माझी मुलगी म्हणजे तुझा उंदीर नाही. तुला दिवसभर बंद डोळे दिसतात, मान्य आहे. पण घरी येताना ते तिकडेच ठेवून येत जा."

"डॉक्टरांनी मागच्या वेळी डोळ्यात बॅटरी मारून बघितली होती का?"

"डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. डोळे स्थिरावायला वेळ लागतो म्हणाले. सहा महिन्यांची झाली की सगळंच तपासतात."

"दीड महिना आहे त्याला."

"मग दीड महिन्यात काय आभाळ कोसळणार आहे?"

दीड महिन्यात काय होतं, हे तिला उंदराच्या बाबतीत दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत माहीत होतं. माणसाच्या बाबतीत तिला फक्त एवढं माहीत होतं, की जितकं लवकर तितकं बरं. तिने भाऊजींकडे बघितलं. तडजोड करणं हे या घरात त्यांचं खातं होतं. दोघी बहिणी भांडल्या की ते काहीतरी फालतू विनोद करायचे आणि दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडायच्या. आज ते सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून टेबलाचा कोपरा नखाने खरवडत होते.

"सहा महिने होऊ देत," ते म्हणाले. "उगाच कशाला त्या जिवाला त्रास."

विनोद नाही, "मेहुणीबाई" नाही. आणि उत्तर फार लवकर आलं होतं, जणू प्रश्न यायच्या आधीपासून तयार होतं.

त्यानंतरचे दोन दिवस धाकटी घरात चोर पकडायला बसल्यासारखी वागली. संशय एकदा आत शिरला की तो ज्याच्यासाठी आला त्याच्यापाशीच थांबत नाही, घरभर फिरतो, हे तिला जाणवत होतं आणि थांबवता येत नव्हतं. भोपळी हसली की ती कोणत्या बाजूला मान वळवून हसली ते बघायचं. ताई बाळाला पाजायला बसली की कोणत्या हातावर घेते ते बघायचं. आता ताई बहुतेक वेळा उजवीकडेच घेत होती. सवयीने, की तिलाही आता डावीकडे बघायची भीती वाटत होती? आणि भाऊजी. या माणसाबरोबर ती दोन वर्षं एका घरात राहत होती आणि तिने त्यांना कधी बघितलंच नव्हतं असं वाटायला लागलं. ते सोफ्यावर नेहमी डाव्या टोकालाच बसायचे, सगळी माणसं आपल्या उजवीकडे येतील असे. ते चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायचे, अगदी टेकवायचे, मग ओतायचे. ताई एकदा म्हणाली होती, "कप फोडशील," आणि ते म्हणाले होते, "सांडण्यापेक्षा फुटलेला बरा." जिना उतरताना पहिल्या पायरीवर त्यांचा पाय क्षणभर हवेत थांबायचा. ताईने एकदा सोफ्यावरून भोपळीची टोपी फेकली, तर ती त्यांच्या छातीवर आपटून खाली पडली आणि मग त्यांनी ती उचलली. "झेल सोडण्यात याचा हात कोणी धरणार नाही," ताई म्हणाली. हसायचं म्हणून तेही हसले. धाकटी हसली नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही. पुलावरचा सायकलवाला तिला आठवला.

शनिवारी दुपारी ताई भोपळीला घेऊन झोपली होती. भाऊजी कपाटाच्या बिजागरीत तेल घालत उभे होते. धाकटीने खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि "भाऊजी!" म्हणून त्यांच्याकडे फेकला. हळूच, लहान मुलाकडे फेकावा तसा. त्यांचा हात वर आला तो वीतभर अलीकडे मिटला. जुडगा फरशीवर पडला. झोपायच्या खोलीतून काही आवाज आला नाही.

दोघांनीही किल्ल्यांकडे बघितलं. मग त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली.

"हाही प्रयोगच का?"

"हो," ती म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण पाय मागे निघत नव्हता. "डावा ना?"

"डावा." त्यांनी वाकून किल्ल्या उचलल्या. "दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा होता, एकाचा फार जास्त. कोणाला कळलंच नाही. मलाही नाही. शाळेत डॉक्टर आले, एक डोळा झाकून वाच म्हणाले, तेव्हा मला वाटलं फळा पुसला. सात वर्षांचा होतो."

"मग पट्टी बांधली?"

"बांधली. चांगल्या डोळ्याला. शाळेत सगळे मला समुद्री चाचा म्हणायचे. पट्टी वर्षभर बांधली आणि मग डॉक्टर म्हणाले, आता राहू द्या, उशीर झालाय." ते हे सगळं बिजागरीला सांगत असल्यासारखं बोलत होते. "तुझ्या ताईला माहीत नाही. लग्नाच्या आधी सांगणार होतो. मग वाटलं, दिसतंय की मला, सांगायचं काय? मग इतके दिवस गेले, की सांगणं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं ते सांगणं."

"आणि भोपळी?"

"तिचं मला माहीत नाही."

"त्या दिवशी सकाळी किल्ल्या तिच्या सतरंजीवर होत्या," धाकटी म्हणाली. ती हे बोलेपर्यंत तिला स्वतःलाच हे कळलेलं नव्हतं. "तुम्ही किल्ल्या कधी खुंटीशिवाय कुठे ठेवत नाही."

जुडगा त्यांनी मुठीत घट्ट धरला, वाजू नये असा. "रोज सकाळी बघतो. तुम्ही दोघी उठायच्या आधी. एक डोळा हाताने झाकतो आणि या हलवतो. पण काही कळत नाही. या वाजतात. ती आवाजाकडे वळते."

"न वाजणारं काहीतरी घ्यायला हवं."

"चमचा घेतला होता. मग माझंच बघायचं धाडस झालं नाही."

धाकटीला राग यायला हवा होता. म्हणजे हा माणूस आपल्यासारखाच, आपल्याही आधीपासून, तेच बघत होता आणि वर "उगाच कशाला" म्हणत होता. राग आला, पण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. पहाटेच्या अंधुक उजेडात सतरंजीवर बसलेला, मुलीचा एक डोळा तळहाताने झाकलेला, आणि उत्तर मिळू नये अशी वस्तू निवडलेला माणूस तिला दिसला. मागच्या हिवाळ्यातला निम्मा आकडा तिला आठवला. हातांना काय हवं असतं ते हात बरोबर करतात.

"आपण दोघंही याला लायक नाही," ती म्हणाली. "तुम्हाला तिच्या डोळ्यात काही निघायला नकोय, मला निघायला हवंय."

"तुला निघायला हवंय?"

"म्हणजे, मी खोटी ठरायला नकोय," ती शेवटी म्हणाली. हे जास्त वाईट होतं.

पद्धत ठरली ती रविवारी सकाळी, आणि ताईला पटवायला चहाचे दोन कप लागले. सोळा चिठ्ठ्या, आठांवर उजवा, आठांवर डावा, घड्या घालून वाडग्यात. ताईने भोपळीला मांडीवर बसवायचं आणि स्वतः डोळे मिटून घ्यायचे, कारण कोणता डोळा झाकलाय हे आईला कळलं तर तिचं अंग बोलतं आणि ते बाळ ऐकतं. भाऊजींनी चिठ्ठी काढायची, तो डोळा तळहाताने झाकायचा, दहा मोजायचे, सोडायचा, आणि चिठ्ठी पालथी ठेवून द्यायची, ओळीत. समोर चमचा, दोरीला टांगलेला, पंख्याच्या वाऱ्यावर आपोआप हलणारा. रडली तर शांत होईपर्यंत थांबायचं. धाकटी शेजारच्या खोलीत, दार बंद, बाकीचे त्या दाराला लागून बसलेले. भाऊजींनी मोकळ्या हाताने दारावर एकदा टकटक केली की झाकलं, दोनदा केली की सोडलं. तिने कागदावर एवढंच लिहायचं, रडली की नाही.

"आणि हे झाल्यावर?" ताईने विचारलं.

"फरक निघाला तर उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नाही निघाला तर सहा महिन्यांपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

"सहा महिन्यांनंतरही नाही."

"बरं."

"आणि लाळेरं वाळत घालायचं काम कायमचं तुझं." ताईने भोपळीचं नाक पुसलं. "चल गं भोपळे. मावशीला खूश करू."

बंद दाराला आतून हिरवा रंग होता आणि मुठीजवळ तो बोटांनी खाऊन पांढरा झाला होता. धाकटी जमिनीवर बसली, पाठ भिंतीला. पहिली टकटक. पंख्याचा आवाज, बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी धुवत होतं त्या पाण्याचा आवाज. दोन टकटक. नाही. दुसरी टकटक, आणि लगेच रडणं, दारातून आरपार. हो. तिसरी. पाचवीपर्यंत तिला वाटत होतं की ती ऐकतेय. सहावीपासून तिला कळलं की ती भाऊजींना ऐकतेय. टकटक करणारी बोटं एकसारखी वाजत होती का? झाकताना ते हात खरंच डोळ्यावर टेकवत होते, की बोटांमधून उजेड जाऊ देत होते, बाळ रडू नये म्हणून, उद्या सकाळ येऊ नये म्हणून? चिठ्ठीवर उजवा आला आणि त्यांनी डावा झाकला तर? एकट्या त्यांच्याच डोळ्यांसमोर सगळं चाललं होतं. ताईचे डोळे मिटलेले, धाकटीपुढे दार. तिने आयुष्यात इतक्या चांगल्या पद्धतीने केलेली मोजणी कुठली आठवत नव्हती, आणि ती सगळी एका माणसाच्या तळहातावर टेकलेली होती, ज्याने लग्नाला चार वर्षं होऊनही बायकोला आपला डोळा सांगितला नव्हता. दार उघडून बघावं असं तिला वाटलं. उघडलं असतं तर कोणता डोळा झाकलाय तेही दिसलं असतं, आणि पुढच्या सगळ्या हो-नाहींची किंमत गेली असती. ती हात मांडीखाली दाबून बसली. नववी, नाही. दहावी, हो. "हो" लिहिताना आपल्याला बरं वाटतंय का, हे तिने तपासून बघितलं. बरं वाटत नव्हतं. भीती वाटत होती, आणि या भीतीवर मात्र तिला संशय घेता आला नाही.

अकरावीनंतर टकटक झाली नाही. पंखा चालू होता. गाडी धुणाऱ्याने नळ बंद केला. मग भाऊजींचा आवाज आला, खालचा, शब्द न कळणारा, बराच वेळ. मग ताईचा, स्पष्ट. "तुझा? कधीपासून?" मग पुन्हा खालचा आवाज. भोपळी कशावर तरी खिदळली, चमच्यावर असेल. धाकटीच्या हातात पेन्सिल होती. रडणं एवढंच लिहायचं होतं, म्हणून तिने काही लिहिलं नाही.

"डोळे मीट," भाऊजी म्हणाले. "अजून पाच आहेत."

"मिटलेत," ताई म्हणाली. "तू नीट झाक. उगाच दया दाखवू नकोस तिला."

बारावी टकटक झाली. मग तेरावी, चौदावी. पंधरावीला भोपळी इतकी रडली की शांत व्हायला पाच-सात मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ ताई तिला काहीतरी म्हणून दाखवत होती, तिला स्वतःला लहानपणी आई म्हणायची तेच, फक्त शब्द विसरलेलं. सोळावी. दोन टकटक.

धाकटीने दार उघडलं. भोपळी ताईच्या खांद्यावर होती, हुंदके देत, मुठीत ताईचे केस. ताईचे डोळे अजून मिटलेलेच होते आणि तिचा मोकळा हात भाऊजींच्या मनगटावर होता. सोळा चिठ्ठ्या फरशीवर सरळ ओळीत पालथ्या होत्या. भाऊजी बाजूला सरकले आणि त्यांनी हात पाठीमागे घेतले. धाकटी खाली बसली, कागद शेजारी ठेवला आणि पहिल्या चिठ्ठीपासून एकेक उलटत गेली. संपल्यावर तिने पुन्हा मोजलं, या वेळी शेवटाकडून. मग मोठ्याने वाचलं.

डावा डोळा झाकला, आठ वेळा. रडली, एकदा. उजवा डोळा झाकला, आठ वेळा. रडली, सात वेळा.